तुटलेले ड्रिल आणि अडलेला माग

(ट्रस्टच्या महोत्सवी संमेलनात लोधीपुरा, बऱ्हाणपूर येथे दिलेले भाषण)





महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेचा इतिहास सांगावा, दात्यांचे आभार मानावेत आणि पुढील कार्यास सुयश चिंतावे, अशी रूढ चाल आहे. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडलेच आहे. आम्हांस कार्यवाहांनी एवढेच सुचविले की, “मास्तरसाहेब, पोरांच्या हाती काही पडेल असे बोला.” आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो. आमच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी पुष्कळ मुले मागांच्या कारखान्यांत, खरादावर, वेल्डिंगच्या दुकानात कामास लागतात. काहींनी आपल्या ट्रस्टच्या साहाय्याने आयटीआयचे शिक्षण घेतले आहे. म्हणून आज आम्ही एक अगदी साधा विषय घेतला आहे: लोखंडात भोक पाडताना ड्रिल मोडून आत अडकले, तर ते बाहेर कसे काढावे?

विषय ऐकून कोणी स्मित केले असेल, तर त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या घरात माग आहे, त्या घरातील कोणी हसले नसेल अशी आमची खात्री आहे. लोधीपुऱ्याचे नाव बाहेरगावच्या लोकांस हकीमी दर्ग्यामुळे ठाऊक असते. बऱ्हाणपूरचे नाव मोगलांच्या वास्तूंमुळे ठाऊक असते. पण या शहराचे पोट भरते ते मागांच्या खडखडाटावर. मागाचा एखादा भाग झिजतो, सैल होतो, तेव्हा तो काढून शेजारच्या वर्कशॉपमध्ये नेतात. तेथे एक नवे भोक पाडून, आटे पाडून तो परत बसवितात. या भोकातच ड्रिल मोडते. ड्रिलची किंमत ती काय? पण ज्या भागात ते मोडले तो बीडाचा भाग जुन्या बनावटीचा असेल, तर तसा दुसरा बाजारात मिळेलच असे नाही. शिवाय माग थांबला की मीटरावर मिळणारी मजुरीही थांबते. तेव्हा ही गोष्ट ड्रिलची नाही, अडलेल्या मागाची आहे. हे आरंभीच लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सारे उपाय समजण्यास सोपे जातील.

प्रथम, ड्रिल मोडते का ते पाहू. रोग कळल्याशिवाय औषध देऊ नये असे हकीम लोक म्हणतात, ते येथेही खरे आहे.

पीळ असलेले जे ड्रिल आज आपण वापरतो, त्याचे पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्स नावाच्या गृहस्थांनी १८६३ साली घेतले. त्यापूर्वी सपाट पात्याचे बर्मे असत. ते भोक पाडीत, पण आतला भुगा आतच राही. मोर्स यांच्या ड्रिलाच्या अंगावर दोन पन्हळी मळसूत्रासारख्या फिरत वर येतात. टोकाची धार धातू कापते आणि या पन्हळी कापलेला कीस वर आणून टाकतात. ही युक्ती आपल्या गावाला परकी नाही. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना कुंडी भंडारा खोदला गेला. जमिनीखालून पाण्याचा बोगदा आणि त्यावर ठिकठिकाणी शंभराहून अधिक कुंड्या! त्या कुंड्या कशाला? आत उतरता यावे, हवा जावी आणि खोदलेली माती वर काढता यावी म्हणून. खोदणे अर्धे काम आहे. खोदलेले बाहेर काढणे हे उरलेले अर्धे. ज्याने हे दुसरे अर्धे काम विसरून ड्रिल दाबले, त्याचे ड्रिल मोडलेच म्हणून समजा. भोक ड्रिलाच्या जाडीच्या तिपटीहून खोल जाऊ लागले की ड्रिल वरचेवर वर उचलून कीस बाहेर पडू द्यावा, हा नियम त्यातूनच निघतो.

दुसरे कारण धार. टोकाच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या व सारख्या उताराच्या हव्यात. साधारण कामाच्या ड्रिलाचे टोक ११८ अंशांचे असते. एक धार लांब आणि एक आखूड झाली की एकीवरच सारा भार पडतो आणि ड्रिल वाकडे चालते. तिसरे कारण भाग नीट न बांधणे. एका हाताने भाग धरावा व दुसऱ्या हाताने ड्रिल दाबावे ही सवय अनेकांस असते. ती बोटांनाही वाईट आणि ड्रिललाही वाईट. चौथे कारण, भोक आरपार होण्याचा क्षण. टोक पलीकडे निघताच उरलेला पातळ पापुद्रा धारेत अडकतो आणि ड्रिल एकदम खेचले जाते. त्या क्षणी दाब कमी केला पाहिजे. पण काम संपत आले या आनंदात माणूस नेमका तेव्हाच जोर लावतो.

पाचवे कारण वेग. येथे थोडे गणित सांगतो. शिक्षकाला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. मऊ पोलादात साधारण हायस्पीड ड्रिलाची धार मिनिटाला सुमारे २५ मीटर चालावी असा हिशेब धरतात. सहा मिलिमीटरच्या ड्रिलला त्यासाठी मिनिटाला सुमारे १३०० फेरे लागतात, तर बारा मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे ६५०. म्हणजे ड्रिल बारीक तितका वेग अधिक, आणि जाड तितका कमी. आणखी एक गोष्ट ध्यानात धरा: पिळाचा ताण सोसण्याची शक्ती जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. सहा मिलिमीटरच्या ड्रिलपेक्षा तीन मिलिमीटरचे ड्रिल निम्मे जाड दिसते, पण पिळाला ते सुमारे आठपट दुबळे असते. मोठ्या ड्रिलवर जो हात चालतो, तोच हात लहान ड्रिलवर चालविला तर काय होणार, हे सांगावयास नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ड्रिल मोडले आहे. “कट्” असा तो आवाज ज्याने एकदा ऐकला, तो विसरत नाही. पुढे काय करावे?

पहिली गोष्ट: काहीही करू नये. यंत्र बंद करावे, वीज तोडावी आणि हात मागे घ्यावा. भाग यंत्रावर बांधलेला असेल तर लगेच सोडू नये. ज्या रेषेत भोक चालले होते ती रेष पुढे उपयोगी पडते. आमच्या अनुभवास आलेली गोष्ट अशी की, भागाचे खरे नुकसान ड्रिल मोडल्याने फार होत नाही. मोडल्यानंतरच्या पाच मिनिटांच्या घाईने होते. कारागीर घाबरतो, दुसरे ड्रिल लावतो आणि मोडक्या तुकड्यावरच भोक पाडू पाहतो. पण तो तुकडा कठीण पोलादाचा आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट या दोघा अमेरिकनांचे जे पोलाद पाहून जगातले कारखानदार थक्क झाले, ते तापून लाल झाले तरी धार सोडत नव्हते. आपले हायस्पीड ड्रिल त्याच घराण्यातले. एका हायस्पीड ड्रिलने दुसरे कसे कापेल? दुसरे ड्रिल त्या तुकड्यावरून घसरते, बाजूच्या मऊ धातूत शिरते आणि भोकाचा आकारच बिघडवून टाकते. पुष्कळदा तेही मोडते. मग एकाच्या जागी दोन.

हजरत दाऊद यांच्या हातात अल्लाहने लोखंड मऊ केले, असे आपण मानतो. आपल्या हातात ते मऊ होत नाही. आपणांस ते समजून घ्यावे लागते.

म्हणून हात मागे घेऊन स्वतःला चार प्रश्न विचारावेत. तुकडा भोकाबाहेर डोकावतो की आत बुडाला आहे? भोक आरपार होणार होते की मध्येच थांबणारे? भाग कोणत्या धातूचा आहे: बीड, पोलाद, पितळ की अॅल्युमिनियम? आणि त्या भोकात पुढे आटे पाडावयाचे आहेत की नुसता बोल्ट जाणार आहे? या चार उत्तरांवर पुढचा मार्ग ठरतो. हे करीत असताना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. कठीण पोलादावर हातोडी बसली की त्याचा कण गोळीसारखा उडतो. पोलाद पुन्हा विकत मिळते, डोळा मिळत नाही.

तुकडा थोडासा जरी बाहेर असेल तर काम सोपे. प्रथम पन्हळीत दाटलेला कीस सुईने, फुंकणीच्या हवेने किंवा घासलेटाच्या थेंबांनी साफ करावा. तुकडा अडकलेला असतो तो बहुधा या किसामुळेच. मग थोडे पातळ तेल सोडून ते आत झिरपू द्यावे. चहा पिऊन यावे असे आम्ही मुलांना सांगतो. तेवढा वेळ तेलाला लागतोच आणि तेवढ्यात माणसाचे डोकेही थंड होते. नंतर घट्ट बसणाऱ्या पकडीने तुकडा धरून उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, हळूहळू फिरवावा. ड्रिल पिळदार असते. ज्या पिळाने ते आत शिरले, त्याच पिळाने उलटे फिरविल्यास ते वर येते. सरळ ओढू नये. थोडे उलट, थोडे सुलट, पुन्हा उलट, असा हलका झोका द्यावा.

तुकडा आत बुडालेला असेल आणि भोक आरपार झालेले असेल, तर भाग उलटा करून मागून बारीक पंचाने तो हळू ठोकून बाहेर ढकलता येतो. भोक आरपार झाले नसेल, पण मागची बाजू मोकळी असेल आणि तेथे एखादे बारीक भोक चालण्यासारखे असेल, तर मागून तेवढे भोक पाडूनही ही युक्ती साधते.

मागची वाट नसेल तर दोन तारांची युक्ती करावी. एका जुन्या मिस्त्रींना आम्ही हे काम करताना पाहिले आहे. सायकलच्या चाकाचे दोन स्पोक घेऊन त्यांची टोके त्यांनी कानशीने घासली, आणि आठ मिलिमीटरच्या मोडक्या ड्रिलाच्या दोन्ही पन्हळींत ती दोन टोके उतरविली. मग दोन्ही स्पोक वरून एका पकडीत धरून उलट फिरविले. पहिल्यांदा काहीच हलले नाही. त्यांनी पुन्हा कीस काढला, पुन्हा तेल घातले, पुन्हा फिरविले. तासाभराने तुकडा पाव फेरा हलला. त्यानंतर तो बाहेर येण्यास दोन मिनिटे लागली. पाहणाऱ्यांस ते दोन मिनिटांचे काम वाटले असते.

जाड ड्रिल असेल आणि तुकडा पृष्ठभागाच्या लगत असेल, तर त्यावर एक नट ठेवून नटाच्या पोटातून वेल्डिंग करतात. नट तुकड्याशी जोडला जातो. थंड झाल्यावर पान्याने उलट फिरविला की बहुधा दोन्ही मिळून निघतात. हे काम कुशल हातानेच करावे. विशेषतः बीडाच्या भागाला एकाच ठिकाणी तीव्र उष्णता लागली तर त्याला तडा जाण्याचे भय असते. बारीक व ठिसूळ तुकडा कठीण पंचाने फोडून चुंबकाने व सुईने कण वेचून काढण्याची रीतही आहे. परंतु तीही बीडाच्या पातळ भागावर करू नये.

आता पितळ व अॅल्युमिनियमच्या भागांविषयी सांगतो. याचे औषध आपल्या प्रत्येकाच्या घरात, न्हाव्याच्या पेटीत आणि वाण्याच्या दुकानात आहे. ते म्हणजे तुरटी! घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर ही रीत फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. घड्याळाच्या पितळी पट्टीत पोलादी स्क्रू मोडला की ती पट्टी ते तुरटीच्या पाण्यात ठेवतात. तुरटीचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. ते लोखंडाला हळूहळू खाते, पण पितळेला जवळजवळ हात लावीत नाही. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात गरम पाणी घेऊन विरघळेल तितकी तुरटी विरघळवावी. गरम पाण्यात ती थंड पाण्यापेक्षा कितीतरी अधिक विरघळते. त्यात भाग बुडवावा आणि ते भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून गरम राखावे. मोडक्या पोलादावर बारीक बुडबुडे उठू लागतात. हा हायड्रोजन वायू होय. म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे, आणि जाळ भांड्यापासून दूर ठेवावा, म्हणजे पाणी तापवून आणून पातेल्यात घालावे. मधूनमधून तयार होणारा काळा साका ब्रशने झाडावा व पाणी बदलावे. साध्या पोलादाचा बारीक तुकडा काही तासांत विरघळतो. हायस्पीड पोलाद अधिक चिवट असते, त्याला एखादा दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. भागावर इतर कोणताही पोलादी तुकडा, पिन किंवा स्प्रिंग असेल तर ती आधी काढावी, नाही तर तीही जाईल. आणि बीडाच्या किंवा पोलादाच्या भागाला हा उपाय मुळीच करू नये. तेथे तुरटी रोगी आणि रोग दोघांनाही खाईल.

येथवर गरीब कारागिराच्या उपायांची यादी झाली. यांपैकी काहीच चालले नाही तर? तर ठिणगीचे यंत्र आहे. विजेच्या ठिणगीने धातू झिजतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांच्या १७७० च्या सुमारास लक्षात आले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत रशियात बोरिस आणि नताल्या लाझारेन्को हे शास्त्रज्ञ दांपत्य, विजेच्या बटणांचे संपर्क ठिणगीमुळे झिजतात ते कसे थांबवावे याचा शोध घेत होते. झीज थांबेना. तेव्हा त्यांनी विचार केला की, ठिणगी जर सर्वांत कठीण धातूलाही खाते, तर तिलाच हत्यार का करू नये? १९४३ साली त्यांनी ती पद्धत मांडली. त्याच दशकात अमेरिकेत तीन कारागीर-तंत्रज्ञांनी अशाच ठिणगीचे यंत्र केले, आणि तेही कशासाठी, तर हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या महागड्या ओतीव भागांत मोडून बसलेली ड्रिले व टॅप काढण्यासाठी. म्हणजे मित्रहो, आज जगभर विमानांचे आणि मोटारींचे साचे ज्या तंत्राने घडतात, त्याच्या जन्माच्या वेळी आपले हे क्षुल्लक मोडके ड्रिल हजर होते.

या यंत्रात तांब्याची, पितळेची किंवा ग्रॅफाइटची एक बारीक कांडी मोडक्या तुकड्याच्या अगदी जवळ आणतात. दोहोंमध्ये तेल किंवा तत्सम द्रव वाहता ठेवतात. दर सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी सूक्ष्म कण वितळवून उडविते. तुकडा कठीण आहे की मऊ, याची ठिणगीला पर्वा नसते. तो विजेचा वाहक असला म्हणजे झाले. कांडी ड्रिलपेक्षा बारीक घेतात. मधला गाभा जळाला की कडेचे तुकडे सुटे होतात आणि भोकाची भिंत शाबूत राहते. साचे व हत्यारे घडविण्याचे शिक्षण देणाऱ्या इंडो-जर्मन टूल रूम इंदूरला आहेत, छत्रपती संभाजीनगरला आहेत; हे तंत्र अशा ठिकाणी शिकता येते. प्रत्येक ड्रिलसाठी इतका प्रवास परवडणार नाही हे खरे. पण जो भाग दुसरा मिळणारच नाही, त्याच्यासाठी अशी सोय असलेल्या कारखान्यापर्यंत जाणे हे भाग भंगारात टाकण्यापेक्षा स्वस्त पडते.

आणि कधी कधी तुकडा न काढणे हाच शहाणपणा असतो. ज्या भोकावर भार नाही, जेथे शेजारी दुसरे भोक पाडण्यास जागा आहे, तेथे तुकडा तसाच सोडून नवे भोक पाडावे. मात्र हा निर्णय उघडपणे, मागाच्या मालकाला सांगून झाला पाहिजे.

या ‘उघडपणे’ शब्दासाठीच खरे म्हणजे आम्ही हा विषय घेतला.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. त्याचे नाव सांगत नाही, आणि तो ज्या दुकानात उमेदवारी करीत होता त्याचेही सांगत नाही. त्या दुकानाचा नियम असा होता की, ज्याच्या हातून ड्रिल मोडेल त्याच्या पगारातून पैसे कापावयाचे आणि चारचौघांत शिव्या द्यावयाच्या. मागाचा धोटा ज्या पेटीत येऊन थांबतो, त्या पेटीच्या ब्रॅकेटसाठी तीन भोके पाडावयाची होती. तिसऱ्या भोकात पाच मिलिमीटरचे ड्रिल मोडले. मुलाने आजूबाजूला पाहिले. कोणाचे लक्ष नव्हते. त्याने भोकात लांबी भरली, वरून एका बोल्टचे कापलेले डोके चिकटविले, ग्रीस फासले आणि भाग देऊन टाकला. ब्रॅकेट तीनऐवजी दोन बोल्टांवर बसले. तीन आठवडे माग चालला. एके रात्री ब्रॅकेट सैल झाले, पेटी सरकली आणि धोटा मागाबाहेर उडाला. शेजारच्या मागावर जो विणकर उभा होता, त्याच्या भुवईवर तो बसला. टाके पडले, डोळा बचावला, हे अल्लाहचे उपकार.

ही हकीकत त्या मुलाने आपण होऊन आम्हांस सांगितली, आणि ती सांगताना इतक्या वर्षांनंतरही त्याचा आवाज बदलला होता. आम्ही त्याला विचारले, “तू उस्तादांना सांगितले का नाहीस?” तो म्हणाला, “सर, ड्रिल निघू शकते हेच मला ठाऊक नव्हते. मला वाटले, मोडले म्हणजे संपले. मग शिव्या तरी कशाला खायच्या?”

या उत्तरात दोन दोष दिसतात, आणि दोन्ही मोठ्या माणसांचे आहेत. एक, त्याला विद्या दिली नाही. दोन, त्याला भय मात्र भरपूर दिले. ज्यांना विद्या ठाऊक होती ते जुने फिटर आपली कला हातचे राखून सांगत आले. ताप्ती मिलसारख्या गिरणीत घडलेले हात २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबल्यावर घरी बसले. त्यांच्याजवळचे ज्ञान कोणी वहीत उतरवून घेतले नाही. आणि भय असे की, खरे बोलणाऱ्याला दंड आणि लपविणाऱ्याला सूट! अशा कारखान्यात प्रामाणिक मुलगाही लपविण्यास शिकतो. ताजे मोडलेले ड्रिल बहुतेक वेळा निघते. लांबी भरून, गंज चढून, महिन्याने हाती आलेले क्वचितच निघते. म्हणजे भोकातला तुकडा निघेल की नाही हे पुष्कळ अंशी पक्कड किंवा तेल ठरवीत नाही. “उस्ताद, ड्रिल मोडले,” हे तीन शब्द पोरगा त्याच घटकेला बोलू शकतो की नाही, यावर ते ठरते.

त्या मुलाचे आज स्वतःचे लहानसे दुकान आहे. तेथे कोणाच्याही पगारातून ड्रिलचे पैसे कापले जात नाहीत. आम्ही विचारले, “नुकसान होत नाही का?” तो म्हणाला, “होते ना सर, ड्रिलचे होते. बाकीचे वाचते.”

विश्वस्त मंडळींपुढे यावरून तीन लहान सूचना ठेवतो आणि आमचे बोलणे संपवितो.

पहिली, ट्रस्टने एक पेटी करावी. तिच्यात डोळ्यांचे दोनचार चष्मे, चांगली पक्कड, बारीक पंचांचा संच, चुंबक, भिंग, पातळ तेल, जुने स्पोक आणि पाव किलो तुरटी असावी. गावातील कोणत्याही दुकानात ड्रिल मोडले की ती पेटी मागून न्यावी व काम झाल्यावर परत आणून द्यावी. तिचा खर्च एका मेजवानीच्या खर्चापेक्षा कमीच येईल.

दुसरी, त्या पेटीत एक वही असावी. प्रत्येक मोडक्या ड्रिलाची नोंद तीत व्हावी: जाडी किती, भाग कशाचा, मोडले का, निघाले कसे, किती वेळ लागला. मोडणाऱ्याचे नाव मात्र लिहू नये. लिहिणाऱ्याने मराठीत लिहावे, उर्दूत लिहावे, हिंदीत लिहावे. ज्याला जे येते त्यात लिहावे. दहा वर्षांनी ती वही उघडली, तर आपल्या गावापुरते ते एक पाठ्यपुस्तकच होईल.

तिसरी सूचना वडीलधाऱ्यांस आहे. ज्यांनी गिरण्यांत, नेपानगरच्या कागदकारखान्यात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हयात घालविली, अशा बुजुर्गांनी महिन्यातून एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, तासभर मुलांत बसावे. भाषण करू नये. हातात एखादा मोडका भाग घ्यावा आणि तो दुरुस्त करीत बोलावे. कुराण शरीफमध्ये लोखंडाच्या नावाचा एक सूरा आहे, हे आपण सर्व जाणतो. ज्या समाजाच्या ग्रंथात लोखंडाला एवढा मान आहे, त्या समाजातील म्हाताऱ्या लोहकामगाराचा मान आपण किती राखतो, याचा विचार या महोत्सवी वर्षात जरूर व्हावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हातून ड्रिले मोडतील. ज्याच्या हातून मोडत नाहीत, तो काम करीत नाही असे खुशाल समजा. मोडले की यंत्र थांबवा, चष्मा लावा, चार प्रश्न विचारा आणि मोठ्याने सांगा. आणि ज्यांच्या कानी ते शब्द पडतील त्या उस्तादांना व मालकांना आमची हात जोडून विनंती आहे: आधी तेलाची बाटली पुढे करा, मग जे बोलायचे ते बोला.

 ट्रस्टच्या कार्यास अल्लाह बरकत देवो.